उघड्या टपाची गाडी आणि वहीत न आलेली रात्र

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती गाळली आहे. भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी दोन प्रश्नोत्तरे दिली आहेत.)

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोन-तीन जणांनी मला विचारलं, की साहित्याच्या व्याख्यानात मोटारगाडी कुठून आली? प्रश्न रास्त आहे. म्हणून आधी हा विषय माझ्याकडे कसा आला ते सांगतो.

माझा एक कॉलेजातला मित्र गेली चाळीसेक वर्षं अमेरिकेत न्यू जर्सीला आहे. इंजिनिअर. निवृत्त झाला आणि त्याने एक गाडी घेतली. माझदा कंपनीची मियाटा, लाल रंगाची, दोन माणसांची, टप मागे पाडता येतो अशी. बायको म्हणाली, "या वयात?" तो म्हणाला, "या वयातच." मग एका जून महिन्यात तो एकटा निघाला आणि बारा दिवसांत साधारण 3,400 मैल चालवून सॅन फ्रान्सिस्कोला पोचला. रोज रात्री तो आम्हा मित्रांना मराठीत एक मजकूर पाठवायचा. परत आल्यावर त्याने ते सगळे बारा मजकूर एकत्र केले, फोटो लावले आणि मला म्हणाला, "छोटं पुस्तक काढतोय. प्रस्तावना तू लिही."

मी वाचलं. आणि महिनाभर त्याला फोन केला नाही.

लेखन वाईट होतं असं नाही. मराठी चांगलं आहे त्याचं, विनोद आहे. पण वाचताना मला सारखं वाटत होतं की हे मी आधी कुठेतरी वाचलंय. गाडीची तारीफ, सूर्यास्त, एका गावातला पाय नावाचा गोड पदार्थ, आज किती मैल झाले, गॅलनला किती मैल मिळाले. मग मी स्वतःला विचारलं, की ही तक्रार त्याच्याबद्दल आहे की या लेखनप्रकाराबद्दल? आजचं व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाचं लांबलेलं उत्तर आहे.

आधी गाडीकडे बघू, कारण या प्रकारात गाडी हे एक पात्रच असतं. 'रोडस्टर' हा शब्द मुळात घोड्यासाठी होता, रस्त्यावर रपेटीला चांगला असा घोडा. पुढे तो उघड्या, दोन आसनांच्या मोटारीला चिकटला. ब्रिटिशांनी अशा छोट्या गाड्या दुसऱ्या महायुद्धानंतर भरपूर केल्या आणि अमेरिकेत विकल्या: एमजी, ट्रायम्फ, लोटस. दिसायला देखण्या, चालवायला मजेच्या आणि बिघडण्यात पटाईत. तेल गळायचं, पावसात वायरिंग रुसायचं. 1980 साली एमजीबीचं उत्पादन थांबलं आणि तो काळ जवळपास संपला.

मग 1989 साली शिकागोच्या मोटार प्रदर्शनात मियाटा आली. ही कल्पना बॉब हॉल नावाच्या एका अमेरिकन मोटार-पत्रकाराने माझदाच्या लोकांपुढे कित्येक वर्षं आधी मांडली होती: ती जुनी ब्रिटिश गाडी पुन्हा करा. कॅलिफोर्नियातल्या आणि जपानमधल्या लोकांनी मिळून ती केली. चेहरा 1962 च्या लोटस एलानची आठवण देणारा, वजन हजार किलोच्या आत, इंजिन पुढे, चाकं मागची फिरणारी, टप हाताने मागे टाकायचा. सायलेन्सरचा आवाजसुद्धा जुन्या गाडीसारखा यावा म्हणून मुद्दाम जुळवलेला. आणि ती बिघडत नव्हती! 2016 साली दहा लाखावी मियाटा तयार झाली.

समीक्षक म्हणून मला यात रस वाटतो, कारण ही एक फार हुशार नक्कल आहे. तिने जुन्या गाडीचं रूप घेतलं, आवाज घेतला, वारा घेतला. फक्त त्रास वगळला. तुम्ही किल्ली फिरवता आणि ती सुरू होते. मालक म्हणून मी टाळ्या वाजवीन. पण लेखकाच्या दृष्टीने पाहा. जुन्या प्रवासवर्णनांत गोष्ट घडायची ती गाडी बंद पडल्यावर. नव्या गाडीने ती जागाच काढून टाकली. मग लिहिणाऱ्याने गोष्ट कुठून आणायची?

हे नीट कळायला आपल्याला अगदी सुरुवातीला जावं लागेल. 1903 साल. होरेशिओ नेल्सन जॅक्सन, व्हरमाँटचा एक डॉक्टर, वय 31. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका क्लबात गप्पा चालल्या होत्या की मोटार म्हणजे श्रीमंतांचं खेळणं, ती काही देश ओलांडणार नाही. याने 50 डॉलरची पैज लावली. त्याच्याकडे तेव्हा मोटार नव्हती! त्याने एक वापरलेली विंटन गाडी विकत घेतली. वीस अश्वशक्ती, दोन सिलिंडर, ना टप, ना समोर काच. सोबत स्यूअल क्रॉकर नावाचा मेकॅनिक. 23 मे रोजी निघाले आणि 26 जुलैला न्यूयॉर्कला पोचले. एकूण त्रेसष्ट दिवस. वाटेत आयडाहोत एक कुत्रा घेतला, बड त्याचं नाव, आणि धूळ डोळ्यांत जाते म्हणून त्यालाही गॉगल घातला. ती गाडी आज वॉशिंग्टनला स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

आता हे त्रेसष्ट दिवस कसे गेले? बरेचसे वाट पाहण्यात. सुटे भाग रेल्वेने मागवायचे आणि ते येईपर्यंत त्या गावात थांबायचं. गावातल्या लोहाराकडून काहीतरी ठोकून घ्यायचं. घोड्यांकडून गाडी ओढून घ्यायची. एक प्रसंग तर प्रसिद्ध आहे. एका बाईला रस्ता विचारला, तिने मुद्दाम चुकीचा सांगितला आणि हे पन्नासहून जास्त मैल भलतीकडे गेले. का? तिच्या घरच्यांनी मोटार कधी पाहिली नव्हती, त्यांना ती दिसावी म्हणून. मला हा सगळ्या मोटारप्रवासाच्या वाङ्मयातला फार आवडता प्रसंग आहे. त्यात एका बाईची इच्छा आहे, तिची युक्ती आहे, तिचं माणसांवरचं प्रेम आहे. आणि ती प्रवाशाच्या वेळापत्रकाला अजिबात जुमानत नाही. जॅक्सनने बायकोला वाटेतून पत्रं लिहिली, त्यातून हा प्रवास आपल्याला जवळून कळतो. त्या पत्रांत माणसं आहेत, कारण माणसांवाचून त्याचं पान हलत नव्हतं.

सहा वर्षांनी, 1909 साली, ॲलिस रॅमझी. वय 22, न्यू जर्सीची, माझ्या मित्राच्या राज्यातली. देश मोटारने ओलांडणारी पहिली स्त्री. न्यूयॉर्कहून 9 जूनला निघाली, सोबत तीन बायका, तिघींनाही गाडी चालवता येत नव्हती. एकोणसाठ दिवसांत सॅन फ्रान्सिस्को. हा प्रवास मॅक्सवेल कंपनीने प्रायोजित केला होता, म्हणजे जाहिरात होती. ते विसरायचं नाही. पण टायर बदलले ते हिनेच, अकरा वेळा. तिचं पुस्तक आलं ते 1961 साली, जवळपास बावन्न वर्षांनी. पुस्तकाच्या नावातच टायर काढायची पहार आहे. स्वतःच्या हाताने केलेल्या कामाची आठवण अर्धशतक टिकते, हे मला त्यात महत्त्वाचं वाटतं. मी परवा पुण्याहून मुंबईला गेलो, एक्स्प्रेसवेने. काय पाहिलं? आठवत नाही.

हा एक्स्प्रेसवेचा मुद्दा पुढचा. 1956 साली अमेरिकेत आंतरराज्य महामार्गांचा कायदा झाला, आयसेनहॉवर अध्यक्ष असताना. हा गृहस्थ 1919 साली सैन्याच्या एका मोटार-ताफ्याबरोबर वॉशिंग्टनहून सॅन फ्रान्सिस्कोला गेला होता, बासष्ट दिवस चिखल तुडवत. ती आठवण त्याच्या मनात होती. नवे रस्ते झाले, त्यांनी गावं टाळली. 1960 साली जॉन स्टाइनबेक आपल्या कुत्र्याला, चार्लीला, घेऊन देशभर फिरला आणि 1962 साली त्याचं पुस्तक आलं. त्यात त्याने आधीच कुरकुर केली आहे, की या रस्त्यांवरून माणूस एका टोकापासून दुसऱ्या टोकाला काहीही न पाहता जाऊ शकेल.

स्टाइनबेकच्या पुस्तकाबद्दल एक वाद आहे, तो आपल्या कामाचा आहे. 2010 साली बिल स्टायगरवाल्ड नावाचा पत्रकार त्याच वाटेने फिरला, कागदपत्रं तपासली आणि म्हणाला, की हा लेखक पुस्तकात दाखवतो तितका एकटा नव्हता. बऱ्याच रात्री तो चांगल्या हॉटेलांत होता, बऱ्याच वेळा बायको सोबत होती, आणि वाटेत भेटलेल्या माणसांचे संवाद बहुधा रचलेले आहेत. पन्नास वर्षांनी निघालेल्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत, हे पुस्तक शब्दशः खरं धरू नका अशा अर्थाची सूचना आली.

मग ते पुस्तक टाकून द्यायचं का? मी म्हणतो, नाही. त्याच्या शेवटाकडे न्यू ऑर्लिन्सचा भाग आहे. गोऱ्यांच्या शाळेत एका लहानशा काळ्या मुलीला प्रवेश मिळालाय आणि रोज सकाळी तिला शिव्या घालायला बायकांचा जमाव जमतो, लोक तो तमाशा बघायला येतात. स्टाइनबेक आपली गाडी लांब लावून तिथे जातो. उभा राहतो, ऐकतो आणि त्याला मळमळतं. ही घटना इतिहासात नोंदलेली आहे. पुस्तकातला सगळ्यात जिवंत भाग हाच, आणि त्यात त्याची लाडकी गाडी नाही, कुत्रा नाही, गंमत नाही. त्याने तो भाग गाळला असता तर प्रवास जास्त सुखाचा वाटला असता. त्याने गाळला नाही, हे त्याचं श्रेय. संवाद रचणं हा दोष आहेच. पण जे दिसलं ते गाळणं हा माझ्या मते त्याहून मोठा दोष.

थोडं पर्सिगबद्दल बोलतो. 1974 चं ते मोटारसायकलचं पुस्तक इथल्या अनेकांनी वाचलं असेल. त्यात निवेदकाचा मित्र जॉन आहे. त्याच्याकडे महागडी बीएमडब्ल्यू आहे, पण तिच्या आत काय चालतं हे त्याला जाणून घ्यायचं नाही. हँडल सैल झालं तर निवेदक सुचवतो, बिअरच्या डब्याचा पत्रा कापून मध्ये घालू. जॉनला हा अपमान वाटतो. पर्सिगने यावरून दोन वृत्ती सांगितल्या: एक वस्तूच्या रूपावर भाळणारी आणि एक तिच्या आतल्या रचनेत रमणारी, जिला तो 'क्लासिकल' म्हणतो. आता गंमत बघा. माझ्या मित्राच्या गाडीला जाहिरातीत, बोलण्यात, 'क्लासिक' म्हणतात ते केवळ रूपामुळे! आत पाना लावायची वेळच येत नाही. माझा मित्र इंजिनिअर आहे, आयुष्यभर आत डोकावत आला. पण बारा दिवसांत त्याने एकदाही बॉनेट उघडलं नाही, आणि हे त्याने कौतुकाने लिहिलंय.

आता सगळ्यात अवघड भाग. रस्ता म्हणजे स्वातंत्र्य, टप खाली, वारा केसांत: हे चित्र कुणाचं आहे? 1936 साली न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या व्हिक्टर ह्यूगो ग्रीन नावाच्या पोस्टमनने एक पुस्तिका काढायला सुरुवात केली. काळ्या प्रवाशांना कुठे खोली मिळेल, कुठे जेवण, कुठे पेट्रोल, कुठे केस कापून मिळतील, याची यादी. 'ग्रीन बुक'. ती साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत निघत होती. देशात अशीही गावं होती जिथे काळ्या माणसाने सूर्य मावळल्यावर थांबायचं नाही. म्हणजे ज्या काळात एमजी आणि ट्रायम्फमध्ये बसून तरुण जोडपी सूर्यास्ताकडे जात होती, त्याच काळात त्याच रस्त्यावर कुणीतरी सूर्यास्ताच्या आत गाव सोडायची घाई करत होतं. ग्रीन बुक हे प्रवासवर्णन नाही, नुसते पत्ते आहेत. पण मी त्याला या वाङ्मयातला महत्त्वाचा ग्रंथ मानतो. बाकीच्या पुस्तकांत काय नाही, ते त्यावरून कळतं.

आणि आता माझ्या मित्राकडे परत येतो. महिन्याने मी त्याला फोन केला. म्हटलं, "अरे, सातव्या दिवशी तू मुक्कामाचं गाव बदललंस. का, ते लिहिलेलं नाहीस." तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "सोड ना." मी सोडलं नाही. तेव्हा त्याने सांगितलं. एका मोटेलवर रात्री नऊला पोचला. बाहेर 'खोल्या आहेत' अशी पाटी. काउंटरवरच्या माणसाने याच्याकडे पाहिलं, बाहेरच्या गाडीकडे पाहिलं आणि म्हणाला, खोली नाही. हा बाहेर येऊन टप लावत होता, तेवढ्यात मागून एक जोडपं आलं आणि किल्ली घेऊन खोलीकडे गेलं. "कदाचित त्यांचं आधी बुकिंग असेल," मित्र म्हणाला. "असेलही. मला माहीत नाही. म्हणूनच लिहिलं नाही." मग तो अंधारात आणखी ऐंशी मैल गेला.

मी त्याला म्हटलं, तुला माहीत नाही, हेच लिही. जॅक्सनला त्रेसष्ट दिवसांत शंभर अडचणी आल्या, पण खोली नाकारली तर ती का नाकारली असा प्रश्न त्याला पडायचं कारण नव्हतं. तुला पडला. चाळीस वर्षं ज्या देशात राहिलास, कर भरलास, तिथे ऐंशी मैल तो प्रश्न घेऊन गाडी चालवलीस. बारा दिवसांतला तो सगळ्यात लांब पल्ला आहे आणि वहीत त्याचं एक अक्षर नाही. त्या दिवसाच्या मजकुरात काय आहे, तर "आज रात्रीचं ड्रायव्हिंग, आकाश चांदण्यांनी भरलेलं."

तो चिडला. म्हणाला, "मी आनंदासाठी गेलो होतो. तुला त्यात दुःख पाहिजे." याचं उत्तर मला लगेच देता आलं नाही, आणि आजही ते पूर्ण आहे असं मी म्हणणार नाही. आनंद खोटा होता असं माझं म्हणणंच नाही. चांदणं खरंच होतं. माझं म्हणणं एवढंच, की हा लेखनप्रकार आपल्याला आधीच एक साचा देतो, आणि आपण प्रामाणिक असूनही त्यात न बसणारी गोष्ट बाहेर ठेवतो. नवी गाडी जुन्या गाडीतून त्रास वगळून केलेली असते ना, तसंच हे वर्णनही त्रास वगळून केलेलं. गाडीत तो गुण आहे. लेखनात नाही.

पण त्याच वहीत एक पान आहे, त्याच्याबद्दल सांगितलं नाही तर अन्याय होईल. कॅन्सस राज्यात, हायवे 50 वरच्या एका छोट्या गावात, पेट्रोल पंपावर एक म्हातारा त्याच्या गाडीजवळ आला. दरवाजावर हात ठेवून उभा राहिला. म्हणाला, माझ्याकडे एमजी होती. मुलगी झाली तेव्हा विकली, दोनच सीट होत्या ना. मग विचारलं, बसू का एक मिनिट? माझ्या मित्राने त्याला चालवायच्या जागेवर बसवलं. म्हातारा स्टिअरिंग धरून बसला, गिअर एकदा पुढेमागे केला. किल्ली फिरवली नाही. उतरला, "मुलगी आता पन्नाशीची आहे" म्हणाला आणि गेला. बस. माझ्या मित्राने पुढे एकही वाक्य जोडलेलं नाही. हे पान मी चार वेळा वाचलं. या गाडीची सगळी स्मरणरंजकता, जी मी मघाशी नक्कल म्हणून हसण्यावारी नेली, ती त्या एका मिनिटात खरी होते. म्हणजे नकलेलाही एक उपयोग आहे. जॅक्सनची गाडी बघायला लोक जमायचे ती नवी म्हणून. ही गाडी बघायला माणूस आला ती जुनी वाटली म्हणून. दोन्हींत गाडीने माणूस जवळ आणला.

तेव्हा अशा प्रवासाचं वर्णन वाचताना मी आता दोन गोष्टी पाहतो. गाडीमुळे माणूस जवळ आला की लांब राहिला? आणि मुक्कामाचं गाव बदललं असेल तर कारण दिलंय का? प्रस्तावना मी लिहिली आहे. त्यात हे दोन्ही आहे. त्याने ती अजून छापायला दिलेली नाही. पण मागच्या आठवड्यात त्याचा निरोप आला, सातवा दिवस पुन्हा लिहितोय. बघू.

प्रश्न: तुम्ही म्हणता गाडी बिघडली की गोष्ट घडते. मग सोय वाईट का?

सोय वाईट नाही. रॅमझीला अकरा टायर बदलायची हौस नव्हती. मी म्हणतोय ते लिहिणाऱ्यासाठी. गाडीने थांबवलं नाही, तर तुम्ही स्वतःहून थांबा. नेवाडात याच हायवे 50 चा जो भाग आहे, त्याला 1986 साली एका मासिकाने अमेरिकेतला सगळ्यात एकाकी रस्ता म्हटलं. माझा मित्र तो एका दिवसात ओलांडून गेला. दोन दिवस काढले असते तर एकाकी म्हणजे काय, हे कदाचित कळलं असतं.

प्रश्न: तुम्हाला स्वतःला अशी गाडी घ्यावीशी वाटते का?

(हसून) मला गाडी चालवता येते, पण कंबर साथ देत नाही. तरी खरं सांगतो, त्याने परवा टप खाली केल्याचा व्हिडिओ पाठवला, तो मी दोनदा पाहिला.